उपाशी पोटी

"ती वाटी उचला आबा," मी दारातूनच म्हटलं. "उद्या त्याला उपाशी पोटी न्यायचंय."

आबा, म्हणजे माझे सासरे, गॅलरीत पाटावर बसले होते. मांडीवर ताट, समोर पिंजरा, पिंजऱ्यात बत्ताशा नावाचा आमचा पांढरा ससा आणि त्याच्यापुढं कोथिंबिरीची वाटी. जेवत दोघंही नव्हते. मी नुकतीच कामावरून आले होते, पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"उपाशी? कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे कुणी? डॉक्टरकडं जायचं तर उपाशीच जायचं असतं. रक्त काढायचं झालं, भूल द्यायची झाली, तर?"

"सशाचं रक्त काढतात काय?"

"मला काय माहीत? काढलं तर पोट रिकामं असलेलं बरं. नाहीतर उद्याची फेरी फुकट जाईल, आणि मला पुन्हा रजा मिळणार नाही."

आबांनी वाटी उचलली नाही. ती मीच उचलली. बत्ताशानं तिच्यातलं एक पानही तोडलेलं नव्हतं. तो नुसता नाक हलवत माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या हनुवटीखालची लव ओली होऊन चिकटली होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, अजूनही तिथंच आहे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. चौकात हॉस्पिटल, हॉस्पिटलसमोर औषधांचं दुकान, दुकानाशेजारी लॅब आणि लॅबच्या दारात चहाची गाडी. कर्नाटकातून, कोकणातून माणसं पहाटेच्या गाडीनं उतरतात, आणि मी त्यांना बाकावर बसवून पहिला प्रश्न विचारते, काही खाल्लंय का. दिवसभर फोनवर एकच वाक्य: सकाळी उपाशी पोटी या, पाणी चालेल. मी झोपेतसुद्धा हेच बडबडते असं माझा नवरा विश्वास चेष्टेनं म्हणायचा. तो नोकरीला चिपळूणला होता, शनिवारी यायचा आणि रविवारी जायचा, त्यामुळं त्याला चेष्टेला सवड असायची.

ससा माझा नव्हता. आबांचाही नव्हता. तो सासूबाईंचा होता. वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड बदली होऊन गेलं तेव्हा त्यांनी तो आईंच्या ओटीत घालावा तसा घातला, आणि आईंनी त्याचं नाव बत्ताशा ठेवून त्याला चपातीचे कुस्करे आणि बिस्किटं खायला घालून डोक्यावर चढवून ठेवला. पुढं आईंचं दुखणं निघालं. एक अख्खं वर्ष आम्ही दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या. मग आई गेल्या, आणि घरात मी, आबा आणि ससा असे तिघं उरलो. तिघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते कळत नव्हतं.

आबांनी आई गेल्यापासून टेबलावर जेवण सोडलं होतं. ते ताट घेऊन पिंजऱ्यापाशी बसायचे. सशाला एक पान द्यायचे, आपण एक घास घ्यायचे. मला पहिल्यांदा राग यायचा, चार माणसांसारखं बसून जेवावं की. नंतर राग करायलाही अंगात त्राण राहिलं नाही. जेवतायत ना, मग बसू देत कुठंही, असं म्हणून मी सोडून दिलं. आणि मग त्या संध्याकाळच्या काही दिवस आधी बत्ताशानं खाणं टाकलं. तो पान तोंडात घ्यायचा आणि तसंच खाली पाडायचा. त्याचं पान खाली पडलं की आबांचा घास ताटात परत जायचा.

आबा जन्मभर शाळेचे गणवेश शिवत आलेले. दुकान विकलं तरी मशीन घरात होतं. त्या आठवड्यात मला त्या मशीनखाली कापडाच्या दोन बारीक पट्ट्या सापडल्या, खाकी रंगाच्या. आबांच्या विजारीच्या. गृहस्थानं कुणाला न सांगता आपल्या विजारीची कंबर आत घेतली होती. वजनकाटा कशाला पाहिजे मग? मी त्या पट्ट्या हातात धरून तिथंच खाली बसले. आता हेही जाणार, असं माझ्या मनात आलं, आणि खोटं कशाला सांगू, त्यात दुःखापेक्षा दमणूक जास्त होती. पुन्हा ते कॉरिडॉर, पुन्हा तो थर्मास, पुन्हा रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातापाया पडणं. एवढं पुन्हा होणार नव्हतं माझ्याच्यानं.

विश्वासला फोन केला तर तो म्हणाला, "सशाला कसला डॉक्टर? तू आबांना डॉक्टरकडं ने."

"आबा येत नाहीत. त्यांना दवाखान्याचं नाव काढलेलं चालत नाही. सशाला घेऊन येतील."

"ससा बरा झाला की आबा जेवणार, असं तुझं गणित आहे काय?"

"माझं कसलं गणित? आबांचं आहे ते."

आमच्या इथल्या गुरांच्या दवाखान्यात म्हशी, शेळ्या, फार तर कुत्रं. ससा म्हटल्यावर तिथला माणूस हसला आणि त्यानं सांगलीतल्या एका डॉक्टरबाईंचा नंबर दिला. त्यांच्याकडं फोन घेणारी मुलगी फार गोड बोलणारी होती. सकाळी या म्हणाली, टोपलीत त्याच्या ओळखीचं कापड घाला म्हणाली, उन्हात धरू नका म्हणाली. पुढं ती "आणि खाण्याचं म्हणजे..." असं सुरू करत होती, तेवढ्यात माझ्यासमोर एक पेशंट बाही वर करून बसला. "अहो, ते सगळं मला माहीत आहे. मी त्याच लायनीतली आहे," असं म्हणून मी फोन ठेवून दिला.

तर आता टोपली. माळ्यावरून मी टोपली काढली, तेव्हा आबा गॅलरीतून उठून आत आले.

"ही नको," ते म्हणाले.

ती आमची दवाखान्याची टोपली होती. घरात लांबलेलं दुखणं असलं की अशी एक टोपली दाराआड भरलेली असते. निळी, प्लास्टिकची, दोन कानांची. तिच्यात आईंचं नॅपकिन, कंगवा, पेला, थर्मास असं सगळं कायम भरून असायचं, कारण कधी पळावं लागेल त्याचा नेम नसायचा. आई गेल्यावर थर्मास तेवढा रिकामा करून ती जशी आली तशीच मी माळ्यावर टाकली होती.

"दुसरी कुठली आणू आबा? भाजीची पिशवी घेतली तर गुदमरेल तो."

"दुसरी बघ की एखादी."

"बघितली. नाही दुसरी. मला पण ही काढायची हौस नाही."

मग त्यांनी टोपली माझ्या हातातून घेतली, जमिनीवर ठेवली आणि एकेक वस्तू काढायला लागले. कंगवा बाहेर ठेवला. थर्मास हातात धरला, हलवून बघितला, बाहेर ठेवला. नॅपकिनमध्ये गुंडाळलेला आईंचा स्टीलचा छोटा पेला निघाला. तो त्यांनी नॅपकिननं पुसला आणि नॅपकिनसकट सदऱ्याच्या खिशात टाकला. मी बघितलं, पण काही विचारलं नाही. विचारलं की ऐकावं लागतं, आणि माझी भांडी घासायची राहिली होती.

"झाकण पाहिजे याला," थोड्या वेळानं आबा म्हणाले. "रिक्षातनं उडी मारंल."

"वरनं ओढणी बांधू."

"ओढणी कशाला? शिवतो की."

मी वळून बघितलं. विजारीची कंबर सोडली तर वर्षभरात त्यांनी मशीनला हात लावलेला नव्हता. त्यांनी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा शोधला, चष्मा पुसला, गळ्यात टेप अडकवली आणि बत्ताशाला पिंजऱ्यातून बाहेर काढलं. मला वाटलं टोपलीचं माप घेतील. तर ते सशाचंच माप घ्यायला लागले. लांबी, छाती, कानांसकट उंची.

"हलू नको रे," ते त्याला दटावत होते. "गणवेश न्हाई शिवत तुझा. सैल ठेवतोय, वाढत्या अंगाचं."

मला हसू आलं. त्या घरात हसू येऊन किती दिवस झाले होते कोण जाणे, चेहऱ्याला सवयच राहिली नव्हती. आबांनी झाकण शिवलं, त्याला चार बाजूंनी नाड्या लावल्या, तळाला घालायला आईंच्या जुन्या लुगड्याची चौकोनी गादी केली. सगळं झाल्यावर ते म्हणाले, "एवढं झालंय तर त्याला जरा घालू काय कायतरी? दोन पानं?"

"नाही आबा."

"एकच."

"एक पण नाही. वर्षभर दवाखाना बघितलाय आपण. तुम्हाला माहीत नाही काय?"

हे मी जरा तोडूनच बोलले. आबांनी मान खाली घातली, मशीनचं झाकण लावलं आणि आपलं ताट तसंच ओट्यावर आणून ठेवलं. ताटात अर्धी भाकरी होती. मी ती झाकून ठेवली आणि उभ्याउभ्या उरलेला भात खाल्ला.

सकाळी उठून मी गॅलरीत गेले तर पिंजऱ्याखाली हिरवा चुरा पडलेला. आधी वाटलं कालचाच असेल. मग बघितलं, आबांची मोठी कातरी पाटावर उघडी पडली होती, तिच्या पात्यांना कोथिंबीर चिकटली होती. बाजूला एक चमचा, एका वाटीत हिरवं पाणी. आणि आबा भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर बत्ताशा.

"आबा, काय केलंत हे?"

"चावता येत न्हाई त्याला. म्हणून कातरलं बारीक. चमच्यानं दिलं."

"कधी?"

"देतोय मधनंमधनं. काल तू आत गेलीस तवापासनं."

मी डोक्याला हात लावून तिथंच पिंजऱ्याला टेकले. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला? आता डॉक्टर विचारतील. आता त्या म्हणतील उद्या या. मी उद्या कुठून येऊ? लॅबच्या मालकांच्या किती विनवण्या करून मी ही अर्धी रजा काढलीय, कळतंय का तुम्हाला?"

"मागत होता तो."

"तो बोलतो काय?"

"बोलाय कशाला लागतंय?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "बघत होता माझ्याकडं. नुसता बघत होता. आपण कसं बसायचं मग?"

"डॉक्टरना मी खरं सांगणार आहे. माझ्यावर नाव नको."

"सांग की. माझं नाव सांग."

मी चहाचं आधण ठेवलेलं तसंच बंद केलं, कारण बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला होता. आबांनी बत्ताशाला टोपलीत ठेवलं, नाड्यांच्या गाठी मारल्या आणि टोपली पोटाशी धरून ते रिक्षात बसले. वर्षभरानं घराबाहेर पडत होते, पण हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. भांडणात होतो आम्ही.

मिरजेहून सांगलीला जायचं तर आई होत्या त्या हॉस्पिटलवरूनच जावं लागतं. मी आधीच रिक्षावाल्याला म्हणणार होते, आतल्या रस्त्यानं घ्या. पण राहून गेलं. हॉस्पिटल आलं तेव्हा दारात नेहमीसारखी गर्दी होती, कुणी स्ट्रेचरमागे पळत होतं, कुणी पायरीवर बसून डबा उघडत होतं. आबांनी तिकडं बघितलं नाही. त्यांनी झाकणाची एक नाडी सैल केली आणि हात आत घातला, आणि सांगली येईपर्यंत तो हात आतच ठेवला.

डॉक्टरबाईंचं नाव आवटी. तरुण होत्या, केस वर बांधलेले, हातावर मांजराच्या ओरखड्यांच्या खुणा. आमच्याआधी एक लॅब्रेडोर होता, तो टोपली हुंगायला आला तेव्हा आबांनी टोपली उचलून डोक्यावर धरली. त्या कुत्र्याची मालकीण माफी मागत राहिली आणि आबा तसेच, डोक्यावर टोपली घेऊन, नंबर येईपर्यंत उभे. बसा म्हटलं तरी बसेनात.

आत गेल्यावर डॉक्टरांनी बत्ताशाला टेबलावर घेतलं, त्याच्या पोटावरून हात फिरवला, कान बघितले.

"सकाळपासून काय खाल्लंय यानं?"

हा प्रश्न मी आयुष्यात हजारदा विचारलेला. तो आपल्याला विचारला की कसं वाटतं ते तेव्हा कळलं. मी सरसावून म्हटलं, "मॅडम, मी काल संध्याकाळपासून उपाशीच ठेवलं होतं. वाटी काढून घेतली होती. पण हे आमचे सासरे, यांनी मला न विचारता..."

"उपाशी?" त्यांचा हात थांबला. "कुणी सांगितलं उपाशी ठेवायला?"

"कुणी नाही. मी... तपासायचं म्हणजे..."

"फोनवर सांगितलं नाही का तुम्हाला? आमची मुलगी प्रत्येकाला सांगते. सशाला कधीही उपाशी ठेवायचं नसतं. येताना गाडीतसुद्धा गवत द्या म्हणतो आम्ही. त्याचं पोट सतत चालू लागतं. चालायचं थांबलं की मग तो उठत नाही. आणि हा आधीच काही दिवस खात नव्हता, म्हणताय. काल संध्याकाळपासून खरंच काही गेलं नसतं, तर आज मी फार काही करू शकले नसते."

लॅबमध्ये एवढी वर्षं काढलेली बाई मी, टेबलाची कड धरून उभी राहिले.

"मग खायला कुणी दिलं?"

आबांनी हात वर केला. शाळेत मुलं करतात तसा.

"काय दिलंत आजोबा?"

"कोथिंबीर. कातरून, पाण्यात कालवून. चमच्यानं. थोडी थोडी."

"झोपला नाहीत?"

"झोप कुठली येतेय."

डॉक्टर हसल्या. "छान केलंत. त्यामुळं पोट चालू राहिलंय त्याचं." मग त्यांनी बत्ताशाचा ओठ वर करून आम्हाला दाखवलं. पुढचे दात वाढून वाकडे झाले होते, एकमेकांवर चढले होते. सशाचे दात जन्मभर वाढतात म्हणे, गवत चावून चावून झिजतात. आमच्याकडं चपाती आणि बिस्किटांवर ते काय झिजणार? दात कापावे लागतील, मग खाईल तो, पण यापुढं हराळी आणि गवत, बिस्किटं बंद.

"भूल द्यायला लागंल?" आबांनी विचारलं.

"पुढच्या दातांना नाही लागत."

"लागली असती तर?"

"तर दिली असती."

"खाऊन आलाय तरी?"

"हो, त्याचं काही नाही. सशाला उलटी होतच नाही. माणसाला होते. भुलीत उलटी झाली तर ती छातीत उतरते, जीव जाऊ शकतो. म्हणून माणसाला ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात."

आबा त्यांच्याकडं बघत राहिले. "त्यासाठी ठेवतात काय?" ते म्हणाले.

"त्यासाठीच."

"हे कुणी सांगितलं न्हाई आमाला."

डॉक्टरांना कळलं नाही ते कशाबद्दल बोलतायत. मला कळलं. अख्खं वर्ष आम्ही दवाखान्यात काढलं, कितीदा आईंच्या कॉटला 'तोंडाने काही देऊ नये' अशी पाटी लागली, आणि का देऊ नये हे कुणी त्या माणसाला दोन वाक्यांत सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, सिस्टरनी नाही. त्याच लायनीतली सून घरात होती, तिनंही नाही.

बत्ताशाला आत नेलं आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. लॅब्रेडोर गेला होता. आबांच्या मांडीवर रिकामी टोपली होती. ते झाकणाची नाडी बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते.

"ती चहा मागत होती," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं.

"शेवटच्या दिवशी. तू कामावर होतीस. विश्वास खाली औषधं आणायला गेला होता. सकाळी ऑपरेशन आहे म्हणाले, मग दुपारी म्हणाले, मग संध्याकाळी. ती आदल्या रात्रीपासनं उपाशी. मला म्हणाली, घोटभर दे. थर्मास भरलेला होता टोपलीत. पेला बी होता. मी म्हटलं, डॉक्टर ओरडतील. ती म्हणाली, त्यांना कशाला सांगायचं? मी न्हाई दिला."

आतून यंत्राचा बारीक आवाज आला आणि थांबला.

"मग बोलली न्हाई ती. नुसती बघत होती माझ्याकडं. संध्याकाळी येऊन सांगितलं की आज न्हाई, ऑपरेशन उद्या. पण तवा तिला झोप लागलेली. उठवून कशाला द्या म्हटलं, उठली की देऊ. पहाटे ती गेली."

हे मला माहीत नव्हतं. आई पहाटे गेल्या एवढंच मला माहीत होतं. थर्मास मी घरी येऊन मोरीत ओतला होता. पूर्ण भरलेला होता, हेही तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याचा विचार केला नव्हता.

"आबा, तुम्ही बरोबर केलंत," मी म्हटलं. "आता डॉक्टरांनी सांगितलं ना. ऑपरेशन होणार होतं. द्यायचा नसतोच."

"होय. पण झालं न्हाई ना ऑपरेशन."

"ते कुणाला माहीत होतं?"

"तू त्या लायनीतली आहेस. मला खरं सांग. दिला असता घोटभर, तर काय झालं असतं?"

खोटं बोलायला मला त्या दिवशी बळ नव्हतं, आणि खरं बोलायलाही नव्हतं.

"काही झालं नसतं," मी शेवटी म्हटलं. "दिला असता तरी त्या गेल्याच असत्या. नाही दिला म्हणून गेल्या नाहीत."

"म्हणजे तेच झालं असतं."

"तेच झालं असतं."

"मग द्यायला पाहिजे होता," आबा म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. वर्षभर मला वाटत होतं की दमले आहे ती मीच, बाकी सगळे दुःख करतायत. हा माणूस त्या एका पेल्यापाशी बसून राहिला होता, वर्षभर, रोज दोन्ही वेळच्या ताटावर. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही, टोपली तेवढी थोडी बाजूला सरकवली, माझा कोपर तिला लागत होता म्हणून.

मग बत्ताशा आला. तोंड जरा सुजलेलं, नजर रागावलेली. फोन घेणाऱ्या त्या मुलीनं त्याच्यापुढं मूठभर हराळी टाकली. त्यानं ती हुंगली, सोडून दिली, पुन्हा हुंगली. आम्ही दोघं वाकून बघत होतो. मग त्यानं एक काडी तोंडात घेतली आणि ती आत आत जायला लागली. कुरकुर असा आवाज आला. आबांनी माझ्याकडं बघून मान हलवली, आणि मीही हलवली.

दवाखान्याच्या खालीच चहाची गाडी होती. आबा तिथं थांबले, टोपली बाकड्यावर ठेवली, आणि सदऱ्याच्या खिशातून आईंचा पेला काढला.

"यात ओत," ते चहावाल्याला म्हणाले. "साखर जास्त टाक. दीड चमचा अजून."

चहावाल्यानं पेल्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि ओतला. मला वाटलं ते आता तो स्वतः पिणार, किंवा कुठं झाडाच्या बुडाशी ओतणार. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या मनात काय येईल सांगता येत नाही. आबांनी पेला नॅपकिनमध्ये धरला आणि माझ्यापुढं केला.

"घे."

"मला?"

"काल रातीपासनं पोटात काय न्हाई तुझ्या. आधण बंद करून आलीस सकाळी. बघितलं मी."

मी पेला घेतला. मी लग्नाच्या आधीपासून बिनसाखरेचा चहा पिते. हे त्या घरात एवढ्या वर्षांत कुणाला माहीत नव्हतं, कारण माझा चहा मीच करून, सगळ्यांच्या नंतर, ओट्यापाशी उभी राहून प्यायचे.

"पोहे आहेत का?" आबा चहावाल्याला विचारत होते.

"आहेत की. किती?"

"दोन प्लेट. आणि मला पण एक चहा."

ते बाकड्यावर बसले, टोपली जवळ ओढली आणि झाकणाची नाडी सोडून आत बघितलं. आत काडी मोडल्याचा आवाज येत होता. मी तो चहा प्यायले. पाकासारखा गोड होता, जिभेला चिकटत होता, आणि मी तो तळाच्या साखरेसकट प्यायले.